म्हाडाने (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने) सरकारी घरांच्या योजनेसाठी जमीन गहाण ठेवावी का?

विक्रोळीकर : माझं मत स्पष्ट आहे, ठेवू नये. म्हाडाची जमीन ही गरिबांच्या घरांसाठी राखलेली सार्वजनिक जमीन आहे. एकदा प्रॉपर्टी कार्डावर बँकेचा बोजा चढला आणि हप्ते थकले, की २००२ च्या सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याने बँक कोर्टाची पायरी न चढता ताबा घेऊ शकते. मग त्यावर राहणाऱ्या भाडेकरूंनी जायचं कुठे? माझे वडील चाळीस वर्षांच्या भाडेपावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचे. त्या पावत्यांना बँक काय किंमत देणार? कर्ज हवंच असेल तर राज्याने हमी द्यावी.

गोरेगावचा शेजारी : आणि हमीचा भार कोणाच्या तिजोरीवर? पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. अडीच लाखांत मुंबईत घर उभं राहतं का? उरलेला पैसा आणायचा कुठून? मी घर घेतलं तेव्हा बँकेने मूळ कागद ठेवून घेतल्यावरच कर्ज दिलं. म्हाडाला वेगळा न्याय का? प्राधिकरणाचे हात बांधले की मग विकासक येतो. आमच्या सिद्धार्थनगरचं, म्हणजे पत्राचाळीचं काय झालं? ६७२ कुटुंबं, ४७ एकर, विकासकाशी करार २००८ चा. ईडीच्या आरोपानुसार घरं न बांधताच नऊ विकासकांना एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, विकला गेला. म्हाडाने स्वतः कर्ज काढून बांधलं असतं तर ही वेळ आली नसती.

विक्रोळीकर : पत्राचाळीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. सार्वजनिक जमिनीवरचा हक्क एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की रहिवासी वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत. हात बँकेचा असला म्हणून काय फरक पडतो?

वरळी बीडीडी : फरक पडतो. आमच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून सकाळी बादली घेऊन सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहावं लागायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ जणांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. म्हाडाने कंत्राटदार नेमून काम केलं. खर्च निघणार विक्रीच्या, म्हणजे बाजारात विकायच्या इमारतींतून. गहाण ठेवायचंच तर त्या इमारती ठेवा. पुनर्वसनाच्या, म्हणजे जुन्या रहिवाशांच्या इमारतीला हात लावू नका.

ब्रुकलिनहून : इथली, अमेरिकेतली पद्धत सांगते. सार्वजनिक घरं गहाण ठेवायची मुभा १९९८ च्या कायद्याने दिली, पण केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची मंजुरी लागतेच. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये सार्वजनिक घरांच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करणाऱ्या सरकारी ट्रस्टचा कायदा केला, वसाहत त्यात जाण्याआधी रहिवाशांचं मतदान होतं. ब्रुकलिनमधल्या नॉस्ट्रँड हाउसेस या वसाहतीने २०२३ मध्ये सर्वांत आधी कौल दिला.

गोरेगावचा शेजारी : मतदानाला माझी हरकत नाही. पण खरा रहिवासी कोण, हे पात्रतेचे वाद मिटेपर्यंत मतदार यादी कोण ठरवणार? तिथेच चार वर्षं जातील आणि तोवर बांधकामाचा खर्च वाढेल.

विक्रोळीकर : जाऊ देत चार वर्षं. वरळीकरांची अट मला मान्य आहे, बोजा फक्त विक्रीच्या इमारतींवर. पण ते गहाणखतात लिहून हवं, सभेतल्या तोंडी आश्वासनावर नाही. आमच्या इमारतीच्या प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढायला सोमवारी जातोय. वसाहतीतल्या कोणाला यायचं असेल तर सांगा.