फिजिकल केमिस्ट्री प्रॅक्टिकल: ‘के’ (रिअ‍ॅक्शनचा रेट कॉन्स्टंट) दर रीडिंगला चढतोय, एक्स्टर्नल एक्झामिनर मार्क कापतील का?

टीवाय_ठाणे:
पुढच्या आठवड्यात टी.वाय.ची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. मिथाइल अ‍ॅसिटेटचं हायड्रोलिसिस: १०० मिली ०.५ नॉर्मल एचसीएलमध्ये ५ मिली एस्टर, दर वेळी २ मिली पिपेट करून बर्फाच्या पाण्यात, मग ०.१ नॉर्मल एनएओएचने (अल्कली) टायट्रेशन. शून्याला ९.५ मिली, १० मिनिटांना १०.१, १२० मिनिटांना १५.२. इनफिनिटी (सगळं एस्टर संपल्यावरचं रीडिंग) वॉटर बाथवर काढलं, १७.५ आलं. पण के स्थिर येण्याऐवजी ०.००७८ पासून चढत ०.०१०४ पर्यंत जातोय. बॅचमधली मुलं म्हणतात, एक के धर आणि उलटं गणित करून रीडिंगं बसव. एक्स्टर्नल नक्की काय बघतात? जर्नल सर्टिफाय झालंय, त्यात मात्र के अगदी छान आहेत.

ब्युरेटमास्तर:
मी बरीच वर्षं एक्स्टर्नल म्हणून जातो, म्हणून सांगतो. के मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी इनफिनिटी.

ते तुला कागदावरही काढता येतं. ५ मिली एस्टर म्हणजे साधारण ०.०६३ मोल. १०५ मिलीमध्ये ते ०.६ मोलर. २ मिलीमधून जे अ‍ॅसिड तयार होईल, त्याला १२ मिली अल्कली लागणार. ९.५ अधिक १२, म्हणजे २१.५. तुझं १७.५ आहे, तिसरा हिस्सा एस्टर गेलं कुठे? मिथाइल अ‍ॅसिटेट ५७ अंशांना उकळतं, तुमची बाथ त्याहून गरम असणार आणि बूच सैल. २१.५ धरून तुझीच रीडिंगं घे: १० मिनिटांना ०.००५१, १२० ला ०.००५४. रीडिंगं चांगली आहेत गं, इनफिनिटीने घात केला. इनफिनिटी कमी पडलं की के चढतो, जास्त झालं की उतरतो.

पण हे २१.५ निरीक्षणाच्या रकान्यात लिहू नकोस. तिथे १७.५ च राहू दे, खाली कारण लिही. माझ्याकडून त्याला पूर्ण मार्क.

आता ‘बसवलेल्या’ रीडिंगांबद्दल. पहिल्या १० मिनिटांत ब्युरेट जेमतेम ०.६ मिली सरकते. एवढ्यात ०.१ मिलीचा फरक पडला तरी के पंधरा टक्क्यांहून जास्त हलतो. तरीही पहिल्यापासून शेवटपर्यंत के तिसऱ्या आकड्यापर्यंत जुळत असेल, तर मी व्हायवात फक्त ‘बर्फ कशाला?’ एवढंच विचारतो. रीडिंगं घेतली की बसवली, ते उत्तरावरून आपोआप कळतं. (जर्नल सर्टिफाय करणाऱ्यालाही ते कळतं. तो का बोलत नाही, हा वेगळा धागा होईल.)

तापमान लिहिलंस का? डिसेंबरचा के एप्रिलच्या दुपारी येत नाही. १० अंश वाढले की तो दुपटीच्या पुढे जातो.

क्यूसी_तारापूर:
सरांशी सहमत. आमच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर दिसला की चौकशी. कॉलेजातून नवीन आलेल्यांना हीच सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

टीवाय_ठाणे:
सर, खूप धन्यवाद. तापमान नव्हतं लिहिलं. एंड पॉइंटचा गुलाबी रंग उडतो, मग आम्ही अजून थेंब टाकतो. ते बरोबर आहे का? आणि परीक्षेच्या स्लिपवर गुगेनहाइमची पद्धत आली तर इनफिनिटी लागत नाही ना?

ब्युरेटमास्तर:
थेंब टाकत बसू नकोस. उरलेलं एस्टर अल्कली खातं, म्हणून रंग उडतो. थंड ठेव, पटापट कर, पहिला गुलाबी रंग काही सेकंद टिकला की वाच.

गुगेनहाइमला इनफिनिटी लागत नाही, पण दोन रीडिंग-संचांमधलं अंतर दोन-तीन हाफ-लाइफ (अर्धं एस्टर संपायला लागणारा वेळ) हवं. तुझी हाफ-लाइफ दोन तासांच्या वर. परीक्षेच्या वेळेत बसवून बघ! त्यापेक्षा थोडं मिश्रण घट्ट बूच लावून चोवीस तास टेबलावर ठेव, इनफिनिटी मिळेल. परीक्षेत आदल्या दिवशीची फ्लास्क ठेवली आहे का, हे लॅब असिस्टंटला आधीच विचारून ठेव.