मदत हवी आहे: डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि एमटीटी चाचणीचा घोळ

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी डाळिंबाच्या सालीचा मेथॅनॉल अर्क एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एमटीटीने तपासतेय (जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात; रंग जितका गडद, तितक्या जास्त पेशी जिवंत). ९६ खळग्यांची प्लेट, ४८ तास, अर्क विरघळवणारं डीएमएसओ ०.५ टक्क्यांच्या आत. तुलनेसाठी ठेवलेलं कर्करोगाचं औषध डॉक्सोरुबिसिन नेमाने पेशी मारतंय, म्हणजे पेशी आणि हात दोन्ही ठीक असावेत. पण अर्काचा डोस वाढवला की ५७० नॅनोमीटरचं रीडिंग, म्हणजे जांभळा रंग, वाढतंच! सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी गोळा होऊन सुटलेल्या दिसतात.

शेवटी पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी ठेवलं, तरी जांभळा रंग आला. म्हणजे सालीतली टॅनिन्सच (तुरट द्रव्यं) एमटीटीचं फॉर्मझान करतायत, असं वाटतं. (तीन आठवडे मी पेशींनाच बोल लावत होते.)

एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) दोनदा धुतलं तर भागेल का? सुटलेल्या पेशी त्यात वाहून जातील ही भीती आहे. की सरळ एसआरबीकडे (पेशींतली प्रथिनं रंगवून मोजणाऱ्या चाचणीकडे) वळू? टॅनिन्स प्रथिनांना चिकटतात, तिथेही तोच गोंधळ होईल का? कुणी टॅनिनवाल्या अर्कावर काम केलं असेल तर कृपया सांगा. गाईड म्हणतात, "आयसी५० काढून मोकळी हो." निम्म्या पेशी रोखणारा हा डोस काढू कशावरून?