मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजीच्या भावाची माहिती

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, कसबा पेठेत राहतो. माझ्या आजीचा थोरला भाऊ मराठा पलटणीत होता, तो लढाईतून परतलाच नाही. आजी म्हणते इटलीत गेला, आत्या छातीठोकपणे आफ्रिका सांगते. आजीला एवढंच आठवतं, की आखाडात तार आली, घरात कुणाला वाचता येईना, म्हणून शाळेच्या मास्तरांकडे नेली आणि मास्तर बराच वेळ बोललेच नाहीत.

पदक केव्हाच मोडीत गेलं (कुणी घातलं ते आजी सांगत नाही!), फीत मात्र ट्रंकेत सापडली: लाल, पांढरा, मधे हिरवा, परत पांढरा, लाल. ही ‘इटली स्टार’ची, म्हणजे आजीच बरोबर.

इटलीत सांग्रो नदीजवळ दहन झालेल्या हिंदी जवानांचं स्मारक आहे, तिथे नाव असेल का? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांत गेलेल्या जवानांच्या नोंदी ठेवणारी संस्था) यादीत शोधतोय, पण इंग्रजी स्पेलिंग कसं केलं असेल कळत नाही. पलटणीचा नंबरही घरात कुणाला माहीत नाही. फक्त नाव, वडिलांचं नाव आणि मुळशीतलं गाव यावरून बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडून कुणी माहिती मिळवली आहे का? अर्ज कसा लिहिलात? आजी अठ्ठ्याऐंशीची आहे, जरा घाई आहे.