लॉरेन्स ऑफ अरेबिया: डीव्हीडी, ब्लू-रे की ४के? नेमकी कोणती डिस्क घ्यावी

तांबडी_वाळू

डेव्हिड लीनच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या (१९६२) तीन प्रती समोर आहेत. पहिली जुनी ब्रिटिश डीव्हीडी, दोन डिस्कची, मागे २१८ मिनिटं छापलेली. दुसरी २०१२ची पन्नासाव्या वर्षाची ब्लू-रे, तिच्यावर २२७ मिनिटं. तिसरी ४के, म्हणजे २०२०च्या कोलंबिया क्लासिक्स बॉक्समधली किंवा २०२२चं स्टीलबुक (धातूच्या डब्यातली आवृत्ती).

टीव्ही ५५ इंची ओएलईडी, सोफा साधारण ९ फुटांवर. प्लेअर म्हणून पीएस५ (प्लेस्टेशन ५), मध्ये साउंडबार.

प्रश्न असे: डीव्हीडीत ९ मिनिटं कापली आहेत का? ब्लू-रे असताना ४केवर पैसे घालण्यात अर्थ आहे का? आणि घेतलीच तर सेटिंगमध्ये कुठे फसायला होतं?

---

रीळ_उस्ताद

आधी मिनिटांचं, कारण यात भलेभले गंडतात.

डीव्हीडीत काहीही कापलेलं नाही. ब्रिटिश डीव्हीडी पाल या तिकडच्या टीव्ही-पद्धतीची असते. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट तिथे २५ने पळवतात. २२७ ला २४ने गुणा, २५ने भागा, २१८ येतात. बाकी राहिलेली ९ मिनिटं म्हणजे निव्वळ घाई.

त्या घाईची किंमत कानाला मोजावी लागते. सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एक सोडून काळी एकच्या दिशेने पाऊण वाट. मोरिस जारचं संगीत मूळ पट्टीत ऐकलेल्या माणसाला ते लगेच टोचतं. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९६ केला की चाल मूळपदावर येते. मात्र ऑडिओ सेटिंगमधला टाइम-स्ट्रेचिंगचा पर्याय बंद करा, नाहीतर वेग उतरतो आणि सूर चढलेलाच राहतो.

खरी कापाकापी वेगळी आणि जुनी आहे. डिसेंबर १९६२मध्ये लंडनला प्रीमियर झाला तेव्हा लांबी २२२ मिनिटं होती. काही आठवड्यांतच २० मिनिटं गेली आणि २०२ उरली. १९७०च्या सुमारास पुन्हा लावला तेव्हा १८७. रॉबर्ट हॅरिसने हरवलेले तुकडे शोधून १९८९मध्ये तो पुन्हा उभा केला. तेव्हा स्वतः लीनने थोडी छाटणी केली, आणि ती प्रत २१६-२१७ मिनिटांची झाली. सुरुवातीचं, मध्यंतराचं आणि शेवटचं संगीत धरलं की २२७. तुमच्या तिन्ही डिस्कवर हीच प्रत आहे. पाल डीव्हीडीचा २१८ आणि संगीत वगळून येणारा २१७ हे आकडे शेजारी आले हा निव्वळ योगायोग, पण त्यावरून भांडणं बरीच होतात.

मागे १८७ छापलेली टेप किंवा डिस्क कुणी स्वस्तात देत असेल तर मात्र हात लावू नका.

---

फ्रेम_मोज्या

रीळरावांनी वेळ मोजला, मी चित्राच्या आडव्या ओळी मोजतो.

चित्रपट ६५ मिमी निगेटिव्हवर, सुपर पॅनाव्हिजन ७० पद्धतीने चित्रित झाला. चौकट २.२० ला १. म्हणजे १६:९च्या पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. तुमच्या ५५ इंची टीव्हीवर प्रत्येकी साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. त्या घालवायला झूम दाबलंत तर रुंदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. जुन्या ४:३ टेपवर तर चाळीस टक्के चित्र बाहेर राहायचं; दोघे बोलताना एकाचं फक्त नाक दिसायचं.

पट्ट्या सोडून प्रत्यक्ष चित्राला उरणाऱ्या ओळी: पाल डीव्हीडीवर साधारण ४६५, अमेरिकन डीव्हीडीवर ३८८, ब्लू-रेवर ८७३, ४केवर १७४५.

कुठे फरक पडतो ते बघायला विहिरीवरचा प्रसंग लावा. ओमर शरीफ क्षितिजावरून उंटावर येतो. छायालेखक फ्रेडी यंगने तो ४८२ मिमीच्या भिंगातून टिपलाय. सुरुवातीला मृगजळात एक काळा ठिपका, बस. डीव्हीडीवर तो ठिपका कॉम्प्रेशनच्या चौकोनांत विरघळतो. दिसतो तोवर माणूस अर्ध्या वाटेत आलेला असतो. ब्लू-रेवर तो पहिल्यापासून आहे आणि त्याच्याभोवतीची हवा हलते. या प्रसंगाचा सगळा ताण 'कोण येतंय' या प्रश्नात आहे, तेव्हा ठिपका आधी दिसणं हा कथेचाच भाग आहे. म्हणून डीव्हीडी बाद. वाईट बनवली म्हणून नव्हे. तेवढ्या ओळींत हा चित्रपट मावतच नाही.

आता ब्लू-रे विरुद्ध ४के, आणि इथे तुमचा सोफा मध्ये येतो. सामान्य नजरेला अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो असं धरलं, तर ५५ इंची पडद्यावर १०८०पीचे, म्हणजे ब्लू-रेचे, ठिपके साधारण सव्वादोन मीटरच्या, म्हणजे सव्वासात फुटांच्या पुढे वेगळे ओळखू येत नाहीत. ४केचे ठिपके वेगळे दिसायला साधारण १.१ मीटरच्या आत बसावं लागेल. तुम्ही ९ फुटांवर. थोडक्यात, जादा ओळींसाठी तुम्ही पैसे दिलेत तर ते सोफ्यापर्यंत पोचणार नाहीत.

---

डबा_उघडा

फ्रेम_मोज्या, हिशेब बरोबर, पण निष्कर्ष अर्धवट. ४के डिस्क ओळींसाठी घ्यायचीच नसते.

दोन्हींचा उगम एकच: २०१२साठी मूळ ६५ मिमी निगेटिव्हचं ८के स्कॅनिंग आणि त्यावरचं ४केतलं काम. उन्हाने आणि वयाने निगेटिव्हच्या इमल्शनला (चित्र धरणाऱ्या लेपाला) बारीक भेगा गेल्या होत्या. त्या डिजिटली बुजवल्या. हे सगळं ब्लू-रेतही आहे. म्हणूनच ती डिस्क अजून टिकून आहे.

४केत जे वाढतं ते रंगाच्या पायऱ्यांत. ब्लू-रे ८ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. ४के डिस्क १० बिट, १०२४ पायऱ्या, वर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला. या चित्रपटात आकाश किती आहे बघा! काडी फुंकल्यावर येणारा तो सूर्योदय घ्या: नारिंगीपासून काळ्यापर्यंत एकच सलग उतरण, बराच वेळ जवळजवळ काही हलत नाही. ८ बिटमध्ये त्या उतरणीला कडा दिसू शकतात, पाण्याच्या डागांसारख्या एकात एक. १० बिटमध्ये त्या जातात. हा फरक ९ फुटांवरूनच नव्हे, दारातूनही दिसतो.

दुसरं, जागा. २०१२च्या ब्लू-रेवर २२७ मिनिटं एकाच ५० जीबी डिस्कमध्ये बसवली आहेत. भागाकार करा: सगळं मिळून सरासरी सेकंदाला २९ मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही, त्यात आवाजही आला. ४केवर चित्रपट मध्यंतराशी तोडून दोन डिस्कवर ठेवलाय. पहिला भाग सव्वादोन तासांच्या आसपास. डिस्क ६६ जीबीचीच धरली तरी सरासरी साठच्या पुढे जाऊ शकते. उडणारी वाळू, उंटांच्या पायांखालची धूळ, रेल्वे उडवल्यावरचा धूर, या गोष्टी बिट खातात.

वाळवंटात मागे राहिलेल्या गासिमला शोधायला लॉरेन्स परत फिरतो तो भाग दोन्हींवर लावून बघा. पांढरी वाळू, पांढरं आकाश, मध्ये एकटी आकृती. ब्लू-रेवर प्रखर भाग एकमेकांत मिसळतात, एचडीआरमध्ये कापडाची वीण शाबूत राहते. (अवांतर: तो गासिम म्हणजे आपले आय. एस. जोहर. हिंदीत ज्याला बघून हसायचं, त्याला इथे वाळवंटात कोसळताना बघायचं.)

बॉक्स की स्टीलबुक? बॉक्समध्ये आणखी पाच चित्रपट येतात, त्यात 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' आहे. ते हवे नसतील तर स्टीलबुक घ्या. चित्रात फरक नाही.

एकच गोष्ट २०१२च्या मोठ्या ब्लू-रे बॉक्सच्या बाजूने: त्यातल्या जादा डिस्कवर जनरल अ‍ॅलनबीबरोबरचा सज्जातला वगळलेला प्रसंग आहे, संकलक अ‍ॅन कोट्स यांच्या प्रास्ताविकासह. तेवढ्यासाठी तो बॉक्स शोधणारे लोक आहेत आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही.

---

तांबडी_वाळू

स्टीलबुकच घेतलं. आता तक्रारी:
१) टीव्हीवर एचडीआरची खूण येत नाही.
२) डॉल्बी व्हिजन तर नाहीच.
३) पहिली चार मिनिटं पडदा काळा, नुसता आवाज.
४) वाळवंटात कॅमेरा स्थिर असला की चित्र हळूहळू मंद होत जातं. डिस्क खराब?

---

खाजगी_पडदा

डिस्क ठणठणीत आहे. उलट क्रमाने घेऊ.

चौथं. ओएलईडीमध्ये दोन वेगळे पहारेकरी असतात. एक, पडद्याचा मोठा भाग भगभगीत पांढरा झाला की त्याच क्षणी उजेड खाली ओढणारा. तो पॅनलच्या वीजमर्यादेमुळे असतो आणि मेनूतून जात नाही. दुसरा, बराच वेळ चित्र बदललं नाही की 'हे स्थिर चित्र आहे, डाग पडेल' असं समजून हळूहळू मंद करणारा. लीनचे लांबलचक शॉट त्याला स्थिरच वाटतात. तुम्ही वर्णन करताय तो हा दुसरा. शॉट बदलला की उजेड परत येतो, हीच त्याची खूण. ऊर्जाबचत आणि खोलीतल्या प्रकाशानुसार बदलणारा सेन्सर दोन्ही बंद करा आणि फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा. त्रास संपणार नाही, पण कमी होईल. सर्व्हिस मेनूत शिरून तो पहारेकरीच काढायचे सल्ले मिळतील. ते करू नका, डाग पडला की पॅनल बदलणं एवढाच उपाय उरतो.

तिसरं. ते सुरुवातीचं संगीत आहे. नाट्यगृहात पडदा उघडण्याआधी वाजायचं तसं, चित्राविना. बटणं दाबू नका.

दुसरं. पीएस५ डिस्कवरून डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा प्रगत प्रकार) देत नाही, फक्त एचडीआर१०, म्हणजे साधा प्रकार. एक्सबॉक्स सिरीज एक्सचंही डिस्कच्या बाबतीत तेच. डॉल्बी व्हिजनच हवं तर ते देणारा स्वतंत्र ४के प्लेअर लागेल. या एका चित्रपटासाठी तो घ्या असं मी म्हणणार नाही.

पहिलं. हे मात्र आजच सोडवा. एचडीआर न येण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच:
टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टचं सिग्नल सेटिंग मूळ साध्यावर असतं. ते 'एन्हान्स्ड', 'डीप कलर' अशा नावाने पोर्टनिहाय चालू करावं लागतं. किंवा केबल जुनी असते. सेकंदाला १८ गिगाबिट पेलणारी घ्या. किंवा साउंडबार मध्ये बसून ४के एचडीआर पुढे जाऊ देत नाही. तुमच्या जोडणीत मला संशय तिसऱ्याचा.

म्हणून जोडणी अशी करा: पीएस५ थेट टीव्हीला, टीव्हीतून साउंडबारला ईआर्कने (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी एचडीएमआय जोडणी). तिचा जुना प्रकार, नुसतं आर्क, पुरणार नाही. डिस्कवरचा अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरून येणारा डॉल्बीचा आवाज) ट्रूएचडी या न कापलेल्या आवाजाच्या स्वरूपात आहे आणि साध्या आर्कमधून ट्रूएचडी जात नाही. पीएस५वर डिस्क चालू असताना पर्याय उघडून ऑडिओ फॉरमॅट 'बिटस्ट्रीम' करा, नाहीतर अ‍ॅटमॉसचा दिवा लागणार नाही. २४ हर्ट्झ आउटपुट चालू आहे ना तेही बघा. ६०वर उंटांच्या रांगेवरून कॅमेरा सरकताना बारीक हिसके बसतात.

टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले कण पुसणारं) शून्यावर. नॉइज रिडक्शन वाळूलाही दोष समजून पुसतं.

---

रीळ_उस्ताद

आणखी एक, म्हणजे पुढची तक्रार आधीच मिटेल. काही प्रसंगांत संवादाचा पोत अचानक बदलतो. तो अ‍ॅटमॉसचा दोष नाही. १९८९मध्ये परत मिळालेल्या काही दृश्यांचा आवाज हरवला होता. पीटर ओ'टूल, अ‍ॅलेक गिनेस, अँथनी क्विन यांनी पंचवीसेक वर्षांनी स्टुडिओत येऊन तेच संवाद पुन्हा म्हटले. अ‍ॅलनबी झालेले जॅक हॉकिन्स तोवर गेले होते, त्यांच्यासाठी चार्ल्स ग्रेचा आवाज वापरला. साउंडबारवर सेंटरचा आवाज फार वाढवलात तर हे सांधे जास्त उघडे पडतात. एखादा अंश कमीच ठेवा.

---

तांबडी_वाळू

साउंडबारच होता. थेट जोडल्यावर एचडीआर आलं. आता पहिल्या डिस्कवर एका ठरावीक जागी दोन सेकंद चित्र अडकतं.

---

डबा_उघडा

दर वेळी तीच जागा असेल तर आधी बोटाचा ठसा शोधा. ४के डिस्कचे थर दाटीने बसवलेले असतात. डीव्हीडीला न बोचणारा डाग इथे बोचतो. मायक्रोफायबरने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या रेषेला समांतर जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. आडवा ओरखडा दुरुस्ती-कोड भरून काढतो. ठसा नसेल तर बहुधा एका थरातून दुसऱ्या थरात जाण्याची जागा असेल. पीएस५ पूर्ण बंद करून, प्लग काढून पुन्हा चालू करा आणि सिस्टिम अपडेट घ्या. तरीही अडकलं तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत डिस्क परत पाठवा. आणि दुसरी डिस्कही आजच शेवटपर्यंत चालवून बघा. सगळे पहिलीच तपासतात आणि मध्यंतरानंतर अडकतात.