मदत हवी आहे: तंजावर-कुंभकोणम दोन दिवसांत कसं बसवावं?

मुक्काम तंजावरला, सोबत सत्तरीतले आईबाबा. देवळं दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद, शिवाय तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवत नाही. म्हणून बृहदीश्वर मंदिर (पूर्ण झालं इ.स. १०१०) पहाटेच. तिथला तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या सरफोजीराजांचा १८०३चा मराठी शिलालेख निवांत वाचायचाय. दुसऱ्या दिवशी सुमारे ७० किलोमीटरवरचं गंगैकोंडचोळपुरम्चं चोळकालीन देऊळ आधी, मग कुंभकोणमला जेवण नि डिग्री कॉफी (तिथली दाट दुधाची फिल्टर कॉफी), चारनंतर जवळच्या दारासुरम्चं देऊळ. तिथली शिल्पं बोटभर उंचीचीही आहेत, तिरप्या उन्हातच उठून दिसतात.

सकाळी सहाला निघालो तर गंगैकोंडचोळपुरम् बारापर्यंत नीट होईल का? तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं? आणि कुंभकोणमला केळीच्या पानावर चिंचेच्या वत्तकुळंबूऐवजी ताकाचं मोरकुळंबू (दोन्ही भातावरच्या आमट्या) वाढणारी खानावळ सुचवा, आईला चिंचेचा आंबटपणा सोसत नाही.