१९६८ ची एफसी-१५० पिकअप: केबिनचा तळ कुजलाय, दारावरची अक्षरं मात्र वाचवायची आहेत

पन्हाळ्याचा_पायथा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

आमच्याकडे महिंद्राची एफसी-१५० पिकअप आहे, आरसी बुकात साल १९६८. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हिला बोनेट नसतं. जीपचंच हरिकेन इंजिन, २१९९ सीसी, पेट्रोल, तेही केबिनच्या आत, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध. हिवाळ्यात पहाटे त्या इंजिनाच्या झाकणावर हात शेकत मी आबांबरोबर कोल्हापुरात शाहूपुरीच्या गूळ बाजारात जायचो. आबांनी गाडी १९७९ ला दुसऱ्या हाताने घेतली आणि पंचवीस वर्षं गुऱ्हाळातून गुळाचे रवे (ढेपा) वाहिले. २००८ पासून ती बंद आहे. मधे एका वादळात शेडचा पत्रा उडाला आणि चार पावसाळे ती उघड्यावर भिजली. ती चूक माझी, मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो आणि लक्ष दिलं नाही.

आता गावी परत आलोय. जुना गोठा रिकामा केला, फरशी घातली, गाडी ढकलत आत आणली. आबा ८१ वर्षांचे आहेत. रोज खुर्ची टाकून बसतात आणि कुठला नट कुठल्या बाजूला फिरतो ते सांगतात.

दिवाळीनंतर ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट उचलला. वरून पत्रा दिसत होता, रंगही होता. स्क्रू ड्रायव्हरने टोकलं तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आली ती पापुद्र्यांची बोटभर जाड चळत, भिजलेली वही वाळल्यावर पानं चिकटून बसतात तशी. त्याखाली आणखी एक पत्रा, तोही गेलेला. नव्वदच्या सुमारास एका गॅरेजने कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा मारून दिला होता. दोन पत्र्यांच्या मधे पाणी वर्षानुवर्षं बसून राहिलं.

हौदा, म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, मूळचा नाही, गावातल्याच सुतार-लोहाराने बांधलेला. फळ्या सागवानी, वर पत्रा. पत्रा उचकटला तर खाली गुळाचा काळा चिकटा अजून ओलसर! डिसेंबर महिन्यात! त्या चिकट्याखालचे आडवे अँगल निम्मे उरलेत. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, हातोडीने ठोकत गेलो. पुढे खणखणीत वाजते, पण मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटे चासीला जोडतात तिथे, दोन्हीकडे बद्द आवाज येतो. डाव्या बाजूला वरून खाली जाणारी बोटभर चीरही आहे.

आता मुख्य गोष्ट. डाव्या दारावर हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत, लाल सावली देऊन लिहिलंय, ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’. १९८१ चं काम. रंग ओला असताना आबांनी दार उघडलं, त्यामुळे ‘लं’च्या टिंबात त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. रेषा न् रेषा दिसते. दाराची खालची कड मात्र तीन इंचांपर्यंत कुजली आहे. अक्षरं कडेपासून सात इंच वर आहेत.

माझ्याकडे चार इंची ग्राइंडर, आर्क वेल्डिंगचा सेट, चुलतभावाचा कॉम्प्रेसर आणि वेळ आहे. विचारायचंय ते असं: तळ कापताना काय काळजी घ्यावी? चासी वाचेल का? आणि अक्षरांना धक्का न लावता दार कसं करावं? सगळे सांगतात, दार घासून नवा रंग मार, पेंटरकडून तेच परत लिहून घे. ते मला करायचं नाही.

माळावरचा_मेकॅनिक

एवढं कशाला? जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा आणा, रिव्हेट मारा, वरून लांबी (पुट्टी) भरा, रेड ऑक्साइड लावा. माझ्या टेम्पोला केलंय, सहा वर्षं झाली.

कऱ्हाडचा_डेंटर

पायथा भाऊ, डेंटिंगमध्ये माझी एकतीस वर्षं गेली. वरचा सल्ला मनावर घेऊ नका. टेम्पो सहा वर्षांनी विकायचा असतो, तुम्हाला ही गाडी ठेवायची आहे. पत्र्यावर पत्रा मारल्याने काय होतं ते तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने बघितलंच. आणि जीआय पत्र्यावर वेल्डिंग करू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी भोगलंय. सीआर (साधा, बिनजस्ताचा) पत्रा घ्या, वीस गेज.

तळ कापायची घाई करू नका. केबिन उभी असते ती तळाच्या आणि उंबऱ्याच्या (दाराखालच्या पट्टीच्या) आधाराने. आधी दोन्ही दारं काढा. दाराच्या चौकटीत एक इंची अँगलचे आडवे आणि तिरपे तुकडे टाचून घ्या, शिवाय एक अँगल या दारापासून त्या दारापर्यंत. मग कापा, तेही आधी एक बाजू. ती पूर्ण बसवा, दार लावून बघा, फट सारखी आली की मगच दुसरी. मी शिकाऊ असताना एका जीपचे दोन्ही उंबरे एकदम कापले होते. केबिन अर्धा इंच खचली आणि दार कायमचं वर घासत राहिलं. मालक काही बोलला नाही, पण मला ते दार आजही आठवतं.

कापताना चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. काळी टिकली दिसली तरी पुढे जा. पुठ्ठ्याचा साचा काढा, त्यावरून पत्रा कापा. आर्कने वीस गेजला भोकंच पडतील, एखादा सीओटू (गॅस आणि तारेच्या वेल्डिंगचा) सेट भाड्याने आणा, ०.८ ची तार. टाका इथे मारला की पुढचा हातभर लांब. सलग ओढलंत तर पत्रा पापडासारखा उठेल.

चासीवर आर्क चालेल. चिरेच्या टोकाला आधी पाच मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर चीर वेल्डिंगच्या पुढे चालत राहते. चीर व्ही आकारात घासून भरा. वरून पट्टी लावायची तर तिची टोकं माशासारखी निमुळती ठेवा. चासीला उभी सरळ वेल्डिंग पट्टी कधी ओढू नका, पुढची चीर बरोबर तिथेच पडते. आणि पेट्रोलची टाकी गोठ्याच्या बाहेर न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

सुट्या भागांचा गंज काढायला बाजारातलं तेजाब (ॲसिड) वापरू नका. ते सांध्यात शिरून बसतं आणि रंगाखाली महिन्याभरात पुन्हा गंज येतो. तुम्ही गुळाच्या गावात राहता. न विकला जाणारा काळा गूळ आणा, वीस लिटर पाण्याला तीनेक किलो, प्लास्टिकच्या पिंपात. बिजागऱ्या, ब्रॅकेट, नटबोल्ट त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. वास मारेल, फेस येईल, येऊ द्या. बाहेर काढून ब्रशने घासा, धुवा, लगेच वाळवून तेल लावा. चांगलं लोखंड शाबूत राहतं. कार्बोरेटर किंवा ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नका. पाटेही नको, त्यांचं पोलाद आंबट पाण्यात ठिसूळ होण्याची भीती असते. पिंपावर झाकण ठेवा, जनावरं तोंड घालतात.

उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही. ज्या दिवशी घासला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड पाणी पितं. आणि हे सगळं मे अखेर उरका, मृगात आपल्याकडे घासलेला पत्रा चहा पिऊन येईतो लाल होतो.

टोलेडोकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता ओहायोत टोलेडोजवळ राहतो. तुमच्या गाडीची आजी इथलीच. मूळ जीप बनवणाऱ्या विलीस-ओव्हरलँडचा कारखाना याच गावात होता. तो पाडला, एक धुराडं तेवढं ठेवलंय, त्यावर ‘ओव्हरलँड’ ही अक्षरं अजून वाचता येतात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंजाशी रोजचीच गाठ.

दोन गोष्टी सुचवतो. चासीला हात लावायच्या आधी कर्ण मोजा. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. ओळंबा लावून खुणा फरशीवर उतरवल्या तर मोजणं सोपं जातं. दोन्ही मापं सारखी नसतील तर आधी चासी सरळ करा, वेल्डिंग नंतर. आणि हौदा उतरवलात की सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. व्हीलबेस अवघा ८१ इंच, इंजिन आणि माणसं पुढच्या ॲक्सलवर. मागून जॅक लावताना फार जपा, पुढच्या चाकांना ओंडके हवेतच.

दाराच्या खालच्या पट्टीला वेल्डिंगच करू नका. इथे अशा जागी पत्रा चिकटवायचा दोन भागांचा ॲडेसिव्ह वापरतात, तो आता पुण्या-मुंबईतही मिळतो. पत्र्यावर पत्रा इंचभर चढवून क्लॅम्प लावायचा. उष्णता शून्य, अक्षरं सुरक्षित. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात म्हणूनच दारं खालून कुजतात. नव्या पट्टीत ती ठेवायला विसरू नका.

पेंटरची_लेक

माझे वडील ट्रकवर अक्षरं काढायचे, इचलकरंजीत. तुमचा ठसा वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ते लिहिण्याआधी खडूची दोरी ताणून दोन ओळी मारायचे. टॉर्च तिरपी धरून बघा, क्वचित ती पुसट रेघ अजून दिसते.

ही अक्षरं ऑइल पेंटची आहेत. पेट्रोल, थिनर, रॉकेल, काही लावू नका. साधा साबण, कोमट पाणी, ओला कापूस, टिपत टिपत. कापसावर रंग उतरला तर तिथेच थांबा. त्यावर नवा क्लिअर कोट मारायला सांगणारे भेटतील. त्यातल्या थिनरने जुना ऑइल पेंट सुरकुततो, मी असा एक बोर्ड घालवलाय. नुसतं मेण लावा, वर्षातून दोनदा. आणि काम सुरू करण्याआधी बटर पेपरवर अक्षरं गिरवून घ्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

गुळाच्या पाण्याबद्दल: मी नैसर्गिक रंगांचं काम करते. कलमकारीतला काळा रंग असाच करतात, गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून. म्हणजे गंज त्यात उतरतो हे नक्की. ते पाणी कपड्यावर सांडलं तर डाग निघणार नाही.

आरसी_आधी_बघा

चासी बदलून टाका असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ येतं, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. अशा गाडीने रोजची वाहतूक करता येत नाही. तुमची नोंद मालवाहू असेल तर आरटीओत आधी जाऊन विचारा. चासी नंबरच्या जागी ग्राइंडर लावू नका.

पन्हाळ्याचा_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

बटर पेपर झाला. टॉर्च तिरपी धरली तर ‘चांगभलं’च्या खाली खडूची रेघ खरंच दिसली, चार बोटं लांब. आबांना दाखवली. म्हणाले, पेंटरने दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं होतं. पंचेचाळीस वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

चौकटीत अँगल टाकले, डावा तळ कापला. अठरा इंच कापायचा विचार होता, चांगला पत्रा लागला तो सत्तावीस इंचांवर. कर्णांत तीन मिलिमीटरचा फरक आला, एवढं चालेल असं धरतोय, चुकत असेन तर सांगा. गुळाच्या पिंपातून पहिली बिजागरी सतराव्या दिवशी काढली. करडी, स्वच्छ, आणि तिच्यावर घडवणाऱ्याच्या कानशीच्या तिरप्या खुणा. आबांनी ती धोतराला पुसली, आता धोतरावरचा डाग जात नाही. ताईंनी सांगितलं होतं, मीच त्यांना सांगायला विसरलो.

आता अडलंय मागच्या पाट्यांवर. पाटे एकमेकांत गंजून एकजीव झालेत आणि मधल्या बोल्टचा नट गोल झालाय. आठ दिवस डिझेल सोडतोय, हलत नाही. कापू का?

कऱ्हाडचा_डेंटर

तीन मिलिमीटर चालतील. बोल्ट कापा, नवा सहज मिळतो. पण ग्राइंडर लावायच्या आधी पाट्यांना बोल्टच्या दोन्ही बाजूंनी जाड सी-क्लॅम्प करकचून आवळा, आणि बोल्ट निघाल्यावर क्लॅम्प थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. नाहीतर पाटे उसळतात. आबांची खुर्ची त्या वेळी बाहेर अंगणात ठेवा.