गडचिरोलीचा वर्ग रत्नागिरीच्या वर्गाशी ऑनलाइन जोडायचा आहे, सुरुवात कशी करावी?

मोहफूल:
जि. प. शाळा, गडचिरोली जिल्हा, पाचवी. रत्नागिरीकडच्या एका शाळेतल्या मॅडम त्यांचा वर्ग आमच्याशी जोडायला तयार आहेत. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करावा म्हणते, पण रेंज येते-जाते आणि दुपारी लाइन नसते. मुलं घरी गोंडी बोलतात, परक्यासमोर बुजतात. ‘तुझं नाव काय, माझं नाव काय’ याच्यापुढे हे कसं न्यायचं?

खडू_डस्टर:
व्हिडिओच्या मागं आत्ताच नका लागू जी. आधी दीड-दोन महिने व्हॉइस मेसेज चालवा. आठवड्याला चार-पाच, मिनिटभराचे. मिनिटाला एक एमबीही लागत नाही आणि रेंज आली की आपोआप जातात. बुजरं मूल मनासारखं होईस्तोवर परत रेकॉर्ड करू शकतं. आधी गोंडीत बोलू द्या, मग मराठीत. प्रश्न असे द्या की उत्तरासाठी वर्गाबाहेर जावं लागेल: धान दोन्हीकडे आहे, मग बांधीत पाणी किती, कापणी कधी, पेंढ्याचं काय करता?

कॉल महिन्यातून एकदा, वीस मिनिटं, सकाळी. हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवा आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ निवडा, तो भिंतीतून जास्त जातो. एका खोलीत दोन फोन कॉलवर असले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते, म्हणून एकच फोन जोडायचा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. सतरंज्या अंथरल्या की बराच फरक पडतो.

ओळंबा:
गप्पा दोन-तीन आठवड्यांत आटतात. दोघांना एकमेकांचे आकडे लागतील असं काम द्या. तुमच्या जोडीला सावलीचा प्रयोग फार छान बसतो, कारण दोन्ही गावांच्या रेखांशात जवळपास ६.७ अंशांचा फरक आहे आणि सूर्याला एका अंशाला ४ मिनिटं लागतात. म्हणजे रत्नागिरीची खरी दुपार (सूर्य सगळ्यात उंच आणि सावली सगळ्यात आखूड असते ती वेळ) तुमच्यानंतर सुमारे २७ मिनिटांनी.

एक मीटरची सरळ काठी सपाट जागी ओळंब्यात उभी करा. सगळ्यात आखूड सावली डोळ्यांनी शोधू नका. दुपारच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की दहा मिनिटं ती तेवढीच वाटते, आणि तिथंच सगळे चुकतात. त्याऐवजी ११ वाजता सावलीच्या टोकावर खूण करा, काठीच्या बुडाशी दोरी धरून त्या खुणेतून वर्तुळ काढा. दुपारनंतर टोक पुन्हा वर्तुळाला टेकलं की वेळ लिहा. दोन वेळांचा मध्य म्हणजे खरी दुपार. जानेवारीच्या मध्याला तुमच्याकडे टोक १:३८ च्या सुमारास टेकेल, म्हणजे मध्य १२:१९. रत्नागिरीत २:३२ ला, मध्य १२:४६. घड्याळं मात्र दोन्हीकडे मोबाइलच्या वेळेवर लावा; भिंतीवरचं पाच मिनिटं पुढं असेल तर सगळंच बिघडतं.

त्याच दिवशी मध्याच्या वेळेची सावलीही मोजा: तुमची सुमारे ८८ सेंमी, त्यांची ७९. हा फरक अक्षांशाचा. तो का पडतो हे मुलांनी एकमेकांना सांगायचं, शिक्षकांनी नाही.

शाव्यस:
तांत्रिक बाजू झाली, आता कागदाची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आवाज आणि चेहरा दोन्हींसाठी लेखी संमती घ्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून ठेवा. ग्रुपमध्ये फक्त शिक्षक. मुलांचे किंवा पालकांचे नंबर नकोत. फोटोत हात, वही, काठी पुरेशी. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका: कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर ते फोटोसोबत जातं.

मोहफूल:
आभार सगळ्यांचे. जूनपासूनच सुरू करावं का?

खडू_डस्टर:
नको. आपल्याकडे उन्हामुळं शाळा उशिरा उघडते, त्यांची आधी. पुढं त्यांना गणपतीची सुट्टी. व्हॉइस मेसेज गणपतीनंतर सुरू करा.

ओळंबा:
सावली जानेवारीतच घ्या, पावसाळ्यात कोकणात ऊन मिळायचं नाही. दोन दिवस राखीव ठेवा, एका बाजूला ढग आले तरी जोडी जुळायला हवी.